टूरिंग कार आणि क्लब शर्यती पाहायला जाताय? तिकिटापासून परतीपर्यंत

एप्रिल उजाडला की ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांकडून तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. मुलाला गाड्यांचं वेड आहे, पण फॉर्म्युला वनचं तिकीट परवडत नाही, मग दुसरं काही आहे का? स्टँडचं तिकीट घ्यावंच लागतं का? आई-बाबा भारतातून आलेत, त्यांना दिवसभर झेपेल का? आणि एका दिवसात आठ-दहा शर्यती असतील, तर त्यात नेमकं पाहायचं काय?

या प्रश्नांची उत्तरं सोपी आहेत, फक्त ती एका जागी मिळत नाहीत. सिल्व्हरस्टोनच्या ब्रिटिश ग्रां प्रीसाठी माणशी शेकडो पौंड मोजावे लागतात आणि एवढं करून गाड्या व चालक लांबच राहतात. टूरिंग कार आणि क्लब शर्यतींत तिकीट स्वस्त असतं आणि प्रेक्षकाला खूप जवळ जाता येतं. या जवळिकीचा पुरेपूर फायदा घेता यावा, हाच या लेखाचा हेतू आहे.

आधी ठरवा: टूरिंग कार की क्लब शर्यत?

ब्रिटिश टूरिंग कार चॅम्पियनशिप, म्हणजे बीटीसीसी. ही स्पर्धा १९५८ मध्ये ‘ब्रिटिश सलून कार चॅम्पियनशिप’ या नावाने सुरू झाली. रस्त्यावर दिसणाऱ्या हॅचबॅक आणि सलून गाड्यांचेच हे शर्यतीसाठी बांधलेले अवतार असतात. हंगाम साधारण एप्रिल ते ऑक्टोबर चालतो. वेगवेगळ्या सर्किटवर मिळून दहा शनिवार-रविवार असतात आणि प्रत्येक रविवारी टूरिंग कारच्या तीन शर्यती होतात. मधल्या वेळेत पोर्शे, मिनी, जिनेटा अशा गाड्यांच्या जोडशर्यती असतात. जिनेटा ज्युनियरमध्ये तर चौदा ते सतरा वयाची मुलं गाडी चालवतात. तुमच्या घरात त्या वयाचं कुणी असेल, तर ही शर्यत चुकवू नका.

क्लब शर्यती. बीएआरसी, बीआरएससीसी, ७५० मोटर क्लब अशा संस्था या शर्यती भरवतात. ७५० मोटर क्लब १९३९ मध्ये ऑस्टिन सेव्हन या छोट्या मोटारीच्या चाहत्यांनी काढला. लोटस कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांची सुरुवातही याच वर्तुळात झाली. इथले बहुतेक चालक हौशी असतात. ते आठवडाभर नोकरी-धंदा करतात आणि शनिवारी ट्रेलरवर गाडी चढवून सर्किटवर येतात. माझदा एमएक्स-५, केटरहॅम, जुन्या मिनी, फॉर्म्युला फोर्ड असे अनेक वर्ग एकाच दिवशी पाहायला मिळतात. गर्दी अगदी कमी असते आणि तिकीट बहुधा वीस पौंडांच्या आसपास किंवा त्याहून स्वस्त असतं.

निवड अशी करा:

- मुलं आठ वर्षांच्या आतली असतील किंवा सोबत वयस्कर मंडळी असतील, तर आधी क्लब शर्यतीला जा. रांगा नसतात, गाडी ट्रॅकजवळ लावता येते आणि कंटाळा आला तर दुपारी निघताही येतं.
- मुलं मोठी असतील आणि त्यांना चुरस, गर्दी, सह्या, टीव्हीवर दिसणारे चालक हे सगळं हवं असेल, तर बीटीसीसीचा रविवार निवडा.
- गर्दी नको पण बीटीसीसीच्या गाड्या पाहायच्यात, तर शनिवारी जा. त्या दिवशी सराव आणि क्वालिफायिंग, म्हणजे सुरुवातीचा क्रम ठरवणारं सत्र, असतं आणि तिकीट रविवारपेक्षा कमी असतं.

पहिलीच वेळ असेल, तर माझा आग्रह क्लब शर्यतीचा आहे. दिवस कसा चालतो, किती चालावं लागतं, मुलांना आवाज सोसतो का, हे सगळं थोड्या खर्चात कळतं. मग बीटीसीसीचं तिकीट डोळसपणे काढता येतं.

तुमच्या जवळचं सर्किट कोणतं?

- लंडन, केंट, सरे: ब्रँड्स हॅच. इंडी हा छोटा ट्रॅक जेमतेम १.९ किलोमीटरचा आहे.
- लेस्टर, नॉटिंगहॅम, डर्बी, बर्मिंगहॅम: डॉनिंग्टन पार्क. क्लब शर्यतींसाठी लेस्टरशरमध्येच मॅलरी पार्क आहे.
- मिल्टन कीन्स, नॉर्थॅम्प्टन, ऑक्सफर्ड: सिल्व्हरस्टोन. टूरिंग कार इथे छोट्या ‘नॅशनल’ ट्रॅकवर धावतात.
- मँचेस्टर, लिव्हरपूल: चेशरमधलं ओल्टन पार्क.
- रेडिंग, बेसिंगस्टोक, साउथॅम्प्टन: अँडोव्हरजवळचं थ्रक्स्टन. वेगासाठी प्रसिद्ध. इथे शर्यतींचे दिवस मोजकेच असतात, त्यामुळे तारीख आधीच पाहून ठेवा.
- केंब्रिज, नॉरिच: स्नेटरटन.
- लीड्स, न्यूकॅसल: डार्लिंग्टनजवळचं क्रॉफ्ट.
- एडिंबरा, ग्लासगो: डनफर्मलिनजवळचं नॉकहिल.

सर्किटची जमीन कशी आहे, हे अंतराइतकंच महत्त्वाचं आहे. सिल्व्हरस्टोन, थ्रक्स्टन, स्नेटरटन आणि क्रॉफ्ट ही सर्किटं दुसऱ्या महायुद्धातल्या विमानतळांवर उभी राहिली. त्यामुळे तिथली जमीन सपाट आहे, आडोसा कमी आहे आणि वारा बोचरा असतो. अशा ठिकाणी मातीच्या बांधावर किंवा स्टँडमध्ये उभं राहिल्याशिवाय फारसं दिसत नाही. ब्रँड्स हॅच, ओल्टन पार्क, डॉनिंग्टन आणि नॉकहिल इथे चढउतार आहेत. साध्या गवताच्या उतारावर बसूनही ट्रॅकचा मोठा भाग नजरेत येतो. पहिल्या भेटीसाठी शक्य असेल तर चढउताराचं सर्किट निवडा.

तिकीट काढताना

- आगाऊ काढा. बीटीसीसीचं तिकीट दारात घेतलं तर सहसा महाग पडतं. क्लब शर्यतीला घाई नसते. हवामानाचा अंदाज पाहून दोन दिवस आधी काढलं तरी चालतं.
- मुलांचं वय तपासा. बहुतेक सर्किटवर लहान मुलांना मोफत प्रवेश असतो, पण वयाची मर्यादा जागेनुसार बदलते. मोफत असलं तरी काही ठिकाणी मुलाच्या नावाने तिकीट नोंदवावं लागतं.
- स्टँडची घाई करू नका. साध्या प्रवेशतिकिटावर ट्रॅकभोवती बराच भाग फिरता येतो. स्टँडचं वेगळं तिकीट असेल, तर ते पावसाची खात्री असताना किंवा गुडघे दुखणारं कुणी सोबत असतानाच घ्या.
- पॅडॉकचा प्रवेश तिकिटात आहे का, हे वाचा. गाड्या जिथे उभ्या राहतात, दुरुस्त होतात, ती जागा म्हणजे पॅडॉक. क्लब शर्यतीत तो बहुधा सर्वांना खुला असतो. बीटीसीसीत वेळ आणि नियम सर्किटनुसार बदलतात.
- तिऱ्हाईताकडून तिकीट घेऊ नका. या शर्यतींची तिकिटं क्वचितच संपतात, म्हणून जादा पैसे देण्याचं कारण नाही. शिवाय शर्यत रद्द झाली तर परतावा मागायचा कुणाकडे, हा घोळ उरतो.

काय बरोबर न्यावं

१. कानांना संरक्षण. लहान मुलांसाठी कान झाकणारे मफ घ्याच, मोठ्यांना फोमचे बोळे पुरतात. मफ घरीच दोन-तीनदा घालून पाहा. नव्या जागी, नव्या आवाजात मूल ते पहिल्यांदा घालायला तयार होत नाही.

२. थरांचे कपडे. मे महिन्यातसुद्धा सकाळी जाकीट लागतं आणि दुपारी ऊन भाजतं. रेनकोट न्या. छत्री नको, कारण मागच्यांना दिसत नाही आणि वाऱ्यात ती टिकतही नाही. गवत ओलं असतं, म्हणून पांढरे बूट घरीच ठेवा.

३. घडीची खुर्ची किंवा सतरंजी. दिवस आठ-नऊ तासांचा असतो.

४. डबा. सर्किटवर बर्गर, चिप्स, बेकन रोल मुबलक मिळतात, पण शाकाहारी माणसाची चिप्सवर बोळवण होते. मेथीचे ठेपले, पोळीची गुंडाळी, इडली-चटणी असं हाताने खाता येईल ते न्या. चहाचा थर्मास विसरू नका. काचेच्या बाटल्या टाळा, बऱ्याच ठिकाणी त्या आत नेऊ देत नाहीत.

५. फोनची बॅटरी आणि थोडी रोकड. ‘टीएसएल टायमिंग’वर बीटीसीसीसह अनेक शर्यतींच्या वेळा थेट दिसतात. पण सर्किटवर नेटवर्क कोलमडू शकतं, म्हणून वेळापत्रकाचा फोटो आधीच काढून ठेवा.

६. कार्यक्रमपुस्तिका. गाडीचा क्रमांक आणि चालकाचं नाव जुळवायला ती लागतेच. मुलाच्या हातात पुस्तिका आणि पेन द्या. क्रमांक टिपण्याच्या नादात त्याची सकाळ छान जाते.

दिवस कसा आखावा

बीटीसीसीच्या रविवारी शर्यती सकाळी लवकर सुरू होतात आणि टूरिंग कारची तिसरी शर्यत संध्याकाळी पाचच्या सुमारास असते. नेमक्या वेळा त्या आठवड्याच्या वेळापत्रकातच पाहा.

सकाळ: पॅडॉक. दारं उघडताच पोहोचा. गाड्यांभोवती गर्दी नसते आणि मेकॅनिक कामाला लागलेले असतात. क्लबच्या पॅडॉकमध्ये तर तुम्ही गाडीपासून हातभर अंतरावर उभे असता. टायर पाहा. बीटीसीसीत ते घसरगुंडीसारखे गुळगुळीत असतील तर कोरड्या ट्रॅकची तयारी आहे आणि खोबणी असतील तर पावसाची. चालकाला मोकळा वेळ असेल तर मुलाला प्रश्न विचारू द्या. हौशी चालक आपल्या गाडीबद्दल आनंदाने बोलतात आणि एखाद्या लहानग्याला आत बसवतातही. न विचारता मात्र कशालाच हात लावू नका. ब्रेक आणि एक्झॉस्ट पोळण्याइतके तापलेले असतात.

दुपारच्या सुमारास: पिटलेन, म्हणजे ट्रॅकलगतची, संघांच्या गॅरेजसमोरची गल्ली. बीटीसीसीत बहुधा ठरलेल्या वेळी प्रेक्षकांना पिटलेनमध्ये सोडतात आणि चालक सह्या देतात. पंधरा मिनिटं आधी रांगेत उभे राहा. अ‍ॅश सटन, टॉम इंग्राम अशा विजेत्यांसमोर गर्दी होते. त्यांच्यापाशी वेळ जात असेल, तर आधी कमी गर्दीच्या टेबलांकडे वळा.

शर्यतीच्या वेळी: जागा बदला. नवे प्रेक्षक इथेच चुकतात. एक जागा धरून ते दिवसभर तिथेच बसतात आणि दुपारनंतर सगळ्या शर्यती सारख्याच वाटायला लागतात. तीन शर्यती तीन ठिकाणांहून पाहा:

- पहिली, सुरुवातीच्या रेषेजवळ. लाल दिवे विझताच मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या कशा झेप घेतात आणि पुढच्या चाकांवर चालणाऱ्या कशा क्षणभर जागीच चाकं फिरवतात, हा फरक उघड दिसतो.
- दुसरी, जोरात ब्रेक लागणाऱ्या वळणावर. ओव्हरटेक इथेच होतात. ब्रँड्स हॅचला ड्रुइड्स हे वळण त्यासाठी उत्तम आहे. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी वळणात शिरताना तिचं आतल्या बाजूचं मागचं चाक हवेत उचललेलं असतं. तीन चाकांवर तोललेली ती गाडी शेजारच्या गाडीला दार घासत पुढे सरकते. टीव्हीवर हे नीट कळत नाही.
- तिसरी, वेगाच्या उतारावर. ब्रँड्स हॅचचं पॅडॉक हिल बेंड किंवा डॉनिंग्टनचे क्रेनर कर्व्ह्ज. ट्रॅक किती खोल उतरतो, याचा अंदाज पडद्यावर कधीच येत नाही.

शर्यत समजण्यापुरते नियम

बीटीसीसीच्या पहिल्या शर्यतीतला सुरुवातीचा क्रम शनिवारी ठरतो. दुसरीचा क्रम पहिलीच्या निकालावरून लागतो. तिसरीसाठी चिठ्ठी काढून पुढच्या काही गाड्यांचा क्रम उलटा करतात. त्यामुळे दुपारी जिंकलेला चालक संध्याकाळी घोळक्यात अडकतो आणि सगळ्यात जास्त धक्काबुक्की तिसऱ्या शर्यतीत होते. लवकर निघायचा मोह आवरा, दिवसातली सगळ्यात चुरशीची शर्यत बहुधा हीच असते.

झेंडे एवढे लक्षात ठेवा:

- पिवळा: पुढे धोका, ओव्हरटेक बंद.
- हिरवा: ट्रॅक मोकळा.
- पिवळ्यावर लाल पट्टे: ट्रॅक निसरडा, बहुधा तेल सांडलेलं.
- निळा: मागून वेगवान गाडी येते आहे.
- काळ्यावर नारिंगी गोल: गाडीत बिघाड, पिटमध्ये या.
- लाल: शर्यत थांबवली.

लाल झेंडा लागला की वेळापत्रक लांबतं आणि फेऱ्या कमी होऊ शकतात. अपघातग्रस्त चालकाला काढायला वेळ लागतो. अशा वेळी मुलांना शांतपणे काय चाललंय ते सांगा आणि फोन खाली ठेवा.

आई-बाबांना नेताना

- क्लब शर्यतीच्या दिवशी ब्रँड्स हॅचसारख्या सर्किटवर ट्रॅककडे तोंड करून मोटार लावता येते. थंडीत काचा लावून, आतूनच शर्यत बघता येते. त्यासाठी सकाळी लवकर पोहोचावं लागतं.
- स्वच्छतागृह पायी किती अंतरावर आहे, हे बसायची जागा ठरवण्याआधीच पाहा.
- चाकाची खुर्ची लागत असेल, तर निदान आठवडाभर आधी सर्किटला फोन करा. राखीव पार्किंग आणि पाहण्याच्या खास जागा सहसा असतात, पण त्या मोजक्या असतात.
- त्यांना फक्त दोन-तीन शर्यती दाखवा आणि मधल्या वेळेत गाडीत विश्रांती घेऊ द्या.

तुमचे हक्क

१. मन बदललं म्हणून परतावा मिळत नाही. ऑनलाइन खरेदीला एरवी चौदा दिवसांची मुभा असते, पण ठरलेल्या तारखेच्या करमणुकीच्या तिकिटांना ती लागू नाही.

२. आयोजकांनी दिवसच रद्द केला, तर तिकिटाची मूळ किंमत मागा. बुकिंग फी परत मिळेलच असं नाही. धुकं, पाऊस किंवा अपघातामुळे एखादी शर्यत कमी झाली, तर सहसा काही मिळत नाही. तारीख पुढे ढकलली तर काय, हे अटींत वाचा.

३. क्रेडिट कार्डाचं ‘सेक्शन ७५’ संरक्षण एका वस्तूची किंमत १०० पौंडांपेक्षा जास्त असेल तरच मिळतं. तीस-तीस पौंडांची चार तिकिटं मिळून १२० झाले, तरी ते लागू होत नाही. अशा वेळी बँकेकडे ‘चार्जबॅक’, म्हणजे विक्रेत्याकडून पैसे परत मिळवून देण्याची सोय, मागता येतो, आणि डेबिट कार्डावरही तो मागता येतो.

४. ‘मोटरस्पोर्ट इज डेंजरस’ या सूचनेचा अर्थ नीट घ्या. ही सूचना तिकिटावर आणि फलकांवर असते. खेळात धोका आहे, हे तुम्ही जाणून आत जाता, एवढं ती सांगते. पण आयोजकांच्या निष्काळजीपणामुळे कुणी दगावलं किंवा जखमी झालं, तर ग्राहकाशी केलेल्या अटींतून ते ती जबाबदारी झटकू शकत नाहीत. २०१५ चा ग्राहक हक्क कायदा तेच सांगतो.

५. अपंग व्यक्तींसाठी वाजवी सोय करणं २०१० च्या समानता कायद्यानुसार बंधनकारक आहे. सोबत्याचं तिकीट मोफत मिळतं का, हे विचारायला संकोचू नका.

६. स्वतःसाठी फोटो काढता येतात. विकण्यासाठी काढायचे असतील तर परवानगी लागते. ड्रोन नेऊ नका.

हमखास होणाऱ्या चुका

- मनाई असलेल्या जागी उभं राहणं. फोटोसाठी कुंपण ओलांडू नका, मुलाला कुंपणावर बसवू नका. निसटलेलं चाक किंवा तुटलेला तुकडा किती लांब जाईल, याचा भरवसा नसतो. मार्शलने हटकलं तर वाद न घालता मागे सरका.
- पॅडॉकमध्ये मुलाचा हात सोडणं. तिथे शर्यतीच्या गाड्या, ट्रक, स्कूटर सतत ये-जा करतात. मुलाच्या मनगटावर तुमचा फोन नंबर लिहून ठेवा आणि हरवलो तर भेटायची जागा सकाळीच दाखवा.
- सगळं फोनमधून पाहणं. एखाद्या शर्यतीत भरपूर फोटो काढा, बाकीच्या डोळ्यांनी पाहा. गाडीच्या वेगाबरोबर कॅमेरा फिरवत सेकंदाच्या १/१२५ भागाच्या आसपास शटर ठेवलं, तर चाकं फिरती दिसतात आणि गाडी स्पष्ट येते.
- शेवटच्या शर्यतीनंतर लगेच गाडीकडे धावणं. अर्धं सर्किट त्याच वेळी बाहेर पडतं. उरलेला चहा प्या, पॅडॉकमध्ये पुन्हा एक फेरी मारा आणि पाऊण तासाने निघा.

भारतात असाल तर

हा खेळ भारतातही पाहायला मिळतो. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई इथलं मद्रास इंटरनॅशनल सर्किट १९९० पासून सुरू आहे आणि तिथल्या राष्ट्रीय स्पर्धांत ‘इंडियन टूरिंग कार्स’ हा वर्ग असतो. कोइंबतूरला कारी मोटर स्पीडवे आहे. मुंबई-पुण्याहून जायचं तर शनिवार-रविवारचा बेत करावा लागतो. तारखा बदलतात, म्हणून विमानाचं तिकीट काढण्याआधी आयोजकांकडून खात्री करून घ्या. तिकडे वाऱ्याची चिंता नाही, पण टोपी, भरपूर पाणी आणि सावलीची जागा लागतेच.

आणि एक विनंती

केशरी पोशाखातले जे मार्शल दिवसभर झेंडे घेऊन उन्हापावसात उभे असतात, ते स्वयंसेवक आहेत. पगार न घेता ते येतात म्हणूनच क्लब शर्यती स्वस्तात भरतात. येता-जाता त्यांचे आभार माना. आणि दोन-तीन वेळा जाऊन हा खेळ मनात भरला, तर तुम्हीही मार्शल होऊ शकता. ‘मोटरस्पोर्ट यूके’ या नियामक संस्थेकडे त्यासाठी मोफत नोंदणी करता येते आणि प्रशिक्षणही मिळतं. आपल्या मंडळांतून ढोल-लेझीम आणि क्रिकेटसाठी माणसं उभी राहतात, तशी या कामासाठीही राहावीत असं मला मनापासून वाटतं. ज्या गावात आपण घर केलं, तिथल्या खेळाला हातभार लावण्याची ही चांगली संधी आहे, आणि शर्यत इतक्या जवळून पाहण्याची जागा कुठल्याही तिकिटावर मिळत नाही.